तासाफारोंगाचा विजेता रायझो तानाका बर्मात का गेला?

प्रश्न असा आहे : ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तासाफारोंगाच्या लढाईत जपानी रिअर अ‍ॅडमिरल रायझो तानाकाने आठ विनाशिकांच्या (डिस्ट्रॉयर) बळावर अमेरिकेच्या पाच क्रूझरपैकी चार निकामी केल्या. मग महिन्याभरात त्याला ताफ्यावरून काढून आधी सिंगापूरला आणि पुढे बर्माच्या किनाऱ्यावर का बसवलं? जपानी नौदलाला आपली माणसंच ओळखता येत नव्हती का?

प्रश्नात ‘विजेता’ हा शब्द गृहीत धरलाय, आणि अडचण तिथेच आहे. त्या रात्री तानाकाला क्रूझर बुडवायला पाठवलं नव्हतं. पिंपांत भरलेला तांदूळ पोहोचवायला पाठवलं होतं. तो पोहोचला नाही, एक पिंपसुद्धा नाही. त्रुक बेटावर जपानी ताफ्याचा सेनापती यामामोतोच्या मुख्यालयात आणि सोलोमन बेटांतल्या ग्वादलकनालवर उपाशी बसलेल्या जपानच्या सतराव्या सेनेत त्या रात्रीचा हिशेब पिंपांत मांडला जात होता. अमेरिकन लेखकांनी नंतर क्रूझर मोजल्या, म्हणून त्यांच्या पुस्तकांत तानाका मोठा झाला. दोन्ही हिशेब खरे आहेत. बढती-बदली मात्र पहिल्या हिशेबावर ठरत होती.

कोणत्याही नौदल अधिकाऱ्याची कारकीर्द तपासताना मी लढाई सर्वात शेवटी वाचतो. आधी त्याच्या हातात दिलेला आदेश, मग जहाजांवर चढवलेला माल, मग अंतर आणि वेळ. एवढं कागदावर मांडलं की लढाईतले निम्मे निर्णय आपोआप उलगडतात. तानाकाच्या बाबतीत तर असं केल्याशिवाय काहीच कळत नाही.

पूर्वायुष्य थोडक्यात. जन्म १८९२, यामागुची प्रांत. एताजिमाच्या नौदल अकादमीतून १९१३ साली ४१ व्या तुकडीत बाहेर पडला. टॉर्पेडो हा त्याचा विषय, आणि बरीचशी नोकरी त्याच शाखेत गेली. ‘जिंत्सू’ या हलक्या क्रूझरचा आणि पुढे ‘कोंगो’ या युद्धनौकेचा तो कॅप्टन होता. १९४१ च्या शरद ऋतूत दुसरं विनाशिका पथक त्याच्याकडे आलं. हे पथक रात्रीच्या टॉर्पेडो हल्ल्यासाठी घोटून तयार केलेलं होतं, नौदलातल्या सर्वोत्तम पथकांपैकी एक. फिलिपाइन्स आणि डच ईस्ट इंडीजच्या मोहिमांत ते होतं, २७ फेब्रुवारी १९४२ च्या जावा समुद्राच्या लढाईतही होतं. या शेवटच्या लढाईत तानाकाची कामगिरी बेताचीच. जपानी पथकांनी लांबून शंभराहून अधिक टॉर्पेडो सोडले आणि दिवसाउजेडी हाती लागली ती एक डच विनाशिका. कित्येक टॉर्पेडो वाटेतच फुटले. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ग्वादलकनाल. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकनांनी तिथली अर्धवट बांधलेली धावपट्टी ताब्यात घेऊन तिला हेंडरसन फील्ड नाव दिलं. जपानचा सगळ्यात जवळचा उपयोगी नांगरतळ शॉर्टलंड बेटांपाशी, साधारण ३०० सागरी मैलांवर. हेंडरसनवरच्या बॉम्बफेकी विमानांचा पल्ला सुमारे २०० मैल. म्हणजे शेवटचे २०० मैल दिवसा कापायचे नाहीत. ३० नॉटनं (तासाला ३० सागरी मैल) या टप्प्याला पावणेसात तास लागतात. दुपार कलताना पल्ल्याच्या हद्दीत शिरायचं, संध्याकाळची एखादी हवाई धाड सोसायची, मध्यरात्रीच्या आसपास किनाऱ्याशी पोहोचायचं, तास-दीड तासात माल उतरवायचा आणि उजाडेपर्यंत शक्य तितकं लांब जायचं. हे वेळापत्रक ३० नॉटच्या जहाजालाच जमतं. मालवाहू ‘मारू’ जहाजं दहा नॉटच्या आसपास चालत, त्यांना तो टप्पा कापायला वीस तास लागत. त्यातले निदान दहा-बारा तास दिवसाचे.

ते कसं अंगावर येतं हे तानाकाने दोनदा भोगलं. २५ ऑगस्टला तीन जहाजांत सुमारे १५०० सैनिक घेऊन जात असताना त्याची ध्वजनौका ‘जिंत्सू’ बॉम्बने फुटली आणि तो स्वतः बेशुद्ध पडला. ‘किन्र्यू मारू’ जळाली, आणि तिच्या लोकांना उचलायला थांबलेली विनाशिका ‘मुत्सुकी’ अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांनी बुडवली. त्या आठवड्यात त्याला राबाऊलच्या जपानी तळावरून दोन वेगवेगळ्या मुख्यालयांचे एकमेकांना छेद देणारे हुकूम येत होते. एक म्हणे पुढे जा, दुसरं म्हणे थांब. ३१ ऑगस्टला हे काम त्याच्याकडून काढून हाशिमोतो या दुसऱ्या विनाशिका पथकप्रमुखाला दिलं गेलं. म्हणजे डिसेंबरमधली उचलबांगडी ही पहिली नव्हे, दुसरी. प्रश्न विचारणारे हे बहुतेक वेळा विसरतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो परत आला. १४ नोव्हेंबरला ११ मालवाहू जहाजांचा तांडा त्याच्याकडे होता, त्यावर ३८ व्या डिव्हिजनचे सुमारे ७००० सैनिक. दिवसभरात हेंडरसन आणि ‘एंटरप्राइज’ विमानवाहूच्या विमानांनी सात जहाजं बाद केली. उरलेली चार त्याने पहाटे तासाफारोंगाच्या किनाऱ्यावर सरळ चढवली. त्यासाठी परवानगी मागितली तेव्हा आठव्या ताफ्याचा प्रमुख मिकावाने नकार दिला आणि दुसऱ्या ताफ्याचा प्रमुख कोंदोने होकार. उजाडल्यावर विमानं, तोफा आणि एका अमेरिकन विनाशिकेने ती चारही जाळली. तोवर उतरले सुमारे २००० सैनिक, २६० पेट्या दारूगोळा आणि तांदळाची १५०० पोती. खाणारी तोंडं वाढली आणि अन्न काही दिवसांचंच आलं. यानंतर मोठी जहाजं पाठवायचा विषय जवळजवळ संपला.

राहिल्या विनाशिका. पण विनाशिकेत माल ठेवायला जागाच नसते. आत बॉयलर, टर्बाइन, तेलाच्या टाक्या आणि सव्वादोनशेच्या वर माणसं. डेकवर फार तर दीडशे सैनिक आणि थोडी पोती. बरं, किनाऱ्याशी थांबून होड्यांत पोती उतरवायची तर वेळ जातो, आणि थांबलेली विनाशिका म्हणजे निव्वळ निशाणा. म्हणून पिंपांची युक्ती निघाली. ती अशी.

तेलाची रिकामी पत्र्याची पिंपं घ्यायची, अल्कली घालून आतून धुवायची, नाहीतर धान्याला तेलाचा वास लागतो. मग तांदूळ किंवा सातू भरायचा, पण काठोकाठ नाही. निम्म्याच्या आसपास, म्हणजे पिंप पाण्यावर तरंगेल. झाकण घट्ट लावायचं. पिंपं एकामागोमाग एक दोराला बांधून त्यांची माळ करायची आणि डेकच्या कडेला रचायची. प्रत्येक विनाशिकेवर २०० ते २४० पिंपं. किनाऱ्याजवळ आलं की वेग कमी करायचा, पिंपं बाहेर ढकलायची. दोराचं टोक होडीनं किंवा पोहणाऱ्यानं किनाऱ्यावर न्यायचं, आणि किनाऱ्यावरच्या सैनिकांनी ती माळ ओढून घ्यायची. जहाज थांबायची गरज नाही, काम काही मिनिटांत उरकतं.

कागदावर हे उत्तम आहे. फसतं ते दोराच्या किनाऱ्याकडच्या टोकाला. शंभर पिंपांची माळ भरतीच्या वेळी, अंधारात, प्रवाळाच्या कडांवरून ओढायला दणकट माणसं लागतात, आणि किनाऱ्यावर होते ते एक तृतीयांश शिध्यावर जगणारे, हिवताप आणि हगवणीनं खंगलेले लोक. दोर प्रवाळावर घासून तुटत. सुटलेली पिंपं लाटांबरोबर पांगत. उजाडलं की अमेरिकन विमानं मशीनगनने त्यांना भोकं पाडत. थोडक्यात, तानाकाचं काम व्यवस्थित झालं तरी मोहीम फसू शकत होती, कारण शेवटचे दोनशे मीटर त्याच्या हातात नव्हते.

आणखी एक किंमत मोजावी लागली. पिंपांचं वजन आणि जागा भरून काढायला माल नेणाऱ्या विनाशिकांवरचे राखीव टॉर्पेडो किनाऱ्यावर ठेवले. एरवी कागेरो वर्गाच्या विनाशिकेवर नळ्यांत आठ आणि राखीव आठ असे सोळा टॉर्पेडो. त्या रात्री सहा विनाशिकांकडे फक्त आठ-आठ. चुकले तर दुसरी संधी नाही.

३० नोव्हेंबरला आठ विनाशिका निघाल्या. ‘नागानामी’ ध्वजनौका आणि ‘ताकानामी’ पहाऱ्याला. पिंपं घेऊन ‘ओयाशिओ’, ‘कुरोशिओ’, ‘कागेरो’, ‘माकिनामी’, ‘कावाकाझे’ आणि ‘सुझुकाझे’. दिवसा टेहळणी विमानाने कळवलं की ग्वादलकनालपाशी बऱ्याच अमेरिकन विनाशिका आहेत. तेव्हा तानाकाने सगळ्या जहाजांना आदेश दिला : शत्रू भेटला तर माल उतरवण्याची पर्वा करू नका, त्याला नष्ट करा. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि तो लढाईच्या कित्येक तास आधीचा आहे. त्यामुळेच रात्री आठही जहाजं आदेशाची वाट न पाहता एकदम वळली. आणि त्यामुळेच पिंपं उतरली नाहीत.

समोर होता रिअर अ‍ॅडमिरल कार्लटन राइट. पाच क्रूझर, सहा विनाशिका आणि रडार. पथकाची सूत्रं हाती येऊन त्याला दोनच दिवस झाले होते. ‘मिनिआपोलिस’च्या रडारवर २३.०६ ला तानाकाची जहाजं दिसली, तेव्हा ती किनाऱ्यालगत १२ नॉटनं सरकत होती. ‘फ्लेचर’ विनाशिकेने २३.१६ च्या सुमारास टॉर्पेडो सोडायची परवानगी मागितली. राइटने अंतर जास्त वाटतंय म्हणून चार मिनिटं घालवली. तेवढ्यात दोन्ही रांगा एकमेकींसमोरून विरुद्ध दिशेने सरकल्या आणि नेमबाजीचा कोन बिघडला. अमेरिकन विनाशिकांचे वीसही टॉर्पेडो वाया गेले. क्रूझरच्या तोफा सुरू झाल्या, पण सगळ्यांनी मिळून झोडपली ती एकच, सर्वात जवळची ‘ताकानामी’. ती जळू लागली. बाकी सात जहाजांनी तोफा डागल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांनी अमेरिकन तोफांच्या झगमगाटावर नेम धरून टॉर्पेडो सोडले.

एकूण ४४ टॉर्पेडो, आणि सहा लागले. ‘मिनिआपोलिस’ला दोन, ‘न्यू ऑर्लिन्स’ला एक (तिचा पुढचा भाग दुसऱ्या तोफघुमटापर्यंत तुटून गेला), ‘पेन्साकोला’ला एक, ‘नॉर्थहॅम्प्टन’ला दोन. ‘नॉर्थहॅम्प्टन’ पहाटे तीनच्या सुमारास बुडाली. वाचली फक्त ‘होनोलुलू’, कारण तिच्या कॅप्टनने पेटलेल्या जहाजांच्या पलीकडच्या बाजूने, त्यांच्या आडोशाने, वेग आणि दिशा बदलत ती काढली. बाकीच्या सरळ रेषेत, ठरलेल्या वेगाने चालत राहिल्या होत्या. अमेरिकेचे सुमारे ४०० मेले, जपानचे सुमारे २००.

या विजयाचं श्रेय ‘९३ प्रकारच्या टॉर्पेडोचा ४० किलोमीटरचा पल्ला’ असं सांगितलं जातं. ते मला पटत नाही. ६१ सेंटिमीटर व्यासाचा, ऑक्सिजनवर चालणारा, ४९० किलो स्फोटकाचा तो टॉर्पेडो जबरदस्त होताच. पण लांबून सोडल्यावर काय होतं ते जावा समुद्रात दिसलं होतं. तासाफारोंगाला मारा काही किलोमीटरवरून झाला. इथे उपयोगी पडला तो त्याचा वेग, जवळजवळ न दिसणारा माग, आणि प्रचंड स्फोट. त्याहून जास्त उपयोगी पडली ती आधीच दिलेली सूचना आणि वर्षानुवर्षांचा रात्रीचा सराव. तानाकाने स्वतः युद्धानंतर लिहिताना श्रेय आपल्या नाविकांच्या तयारीलाच दिलं.

आता दुसऱ्या दिवशीच्या हिशेबाकडे. अमेरिकन बाजूला राइटने चार विनाशिका बुडवल्याचा अहवाल दिला आणि पुढे त्याला नेव्ही क्रॉस मिळालं. हरलेल्याला पदक, जिंकलेल्याला बदली, असा हा उलटा खेळ. जपानी बाजूला मात्र यादीत एवढंच : ‘ताकानामी’ गेली, माल शून्य.

नंतरच्या फेऱ्या पाहा. ३ डिसेंबरला १५०० पिंपं टाकली, किनाऱ्यावर पोहोचली ३१०. ७ डिसेंबरची फेरी विमानं आणि टॉर्पेडोवाल्या गस्ती बोटींनी वाटेतूनच परतवली. ११ डिसेंबरच्या रात्री १२०० टाकली, मिळाली २२०. तीन फेऱ्यांत ५३०. आता माझा अंदाज : निम्म्याच्या आसपास भरलेल्या पिंपात ८० ते १०० किलो धान्य धरा. ५३० पिंपं म्हणजे ४५-५० टन. बेटावर २०,००० च्या वर माणसं. माणशी दिवसाला ६०० ग्रॅम धरलं तरी रोज १२ टन लागतात. डिसेंबरच्या पहिल्या बारा दिवसांत पिंपांतून आलेलं अन्न जेमतेम चार दिवसांचं. पाणबुड्यांनी थोडी भर घातली, पण हे गणित तिनं फिरत नाही.

११ डिसेंबरच्या त्याच फेरीत तानाकाची ध्वजनौका होती नवी कोरी ‘तेरुझुकी’, २७०० टनांची. तिला लाकडी गस्ती बोटींच्या टॉर्पेडोने गाठलं. आग लागली, ती सोडून द्यावी लागली, आणि तानाका जखमी झाला. डिसेंबरच्या अखेरीस त्याला पथकावरून हटवलं, जागी तोमिजी कोयानागी आला.

का हटवलं याची तीन कारणं दिली जातात. पहिलं, तो जखमी आणि थकलेला होता. हे खरं आहे, पण दुखापतीवर उपचार करून माणूस पुन्हा समुद्रावर येतो. त्याला युद्ध संपेपर्यंत मोठ्या ताफ्यावर घेतलं नाही, म्हणून हे कारण एकटं पुरत नाही. दुसरं, त्याच्याबरोबरच्या अधिकाऱ्यांची टीका : तासाफारोंगाला ‘नागानामी’ रांगेच्या तोंडाशी नव्हती, आणि एकदा टॉर्पेडो सोडून तो निघून गेला. जपानी विनाशिका पथकांत सेनापतीने सर्वात पुढे असावं असा दंडक होता, त्यामुळे ही टीका झोंबणारी होती. मी तिला अर्धंच वजन देतो. सहा जहाजांवर राखीव टॉर्पेडो नसताना मागे फिरून करायचं काय? ‘ताकानामी’च्या लोकांना उचलायला त्याने ‘ओयाशिओ’ आणि ‘कुरोशिओ’ पाठवल्या होत्या, पण जवळ अमेरिकन जहाजं असल्याने त्यांना परतावं लागलं.

तिसरं कारण म्हणजे त्याचं तोंड. पिंपांचे आकडे पाहून तो वरिष्ठांना सांगत राहिला की हे बेट पोसता येणार नाही, माणसं काढून घ्या. मला हेच सगळ्यात वजनदार वाटतं, कारण ऑगस्टमधल्या पहिल्या उचलबांगडीलाही तेच लागू पडतं. तेव्हाही तो मंद जहाजं दिवसा पाठवू नका म्हणत होता. पण माल न पोहोचलेला अधिकारी असं बोलला की ऐकणाऱ्याला ती सबब वाटते. ५३० पिंपांचा आकडा त्याच्या मताचा पुरावा होता आणि त्याच्याविरुद्धचा आरोपही. त्याने ३० नोव्हेंबरला लढाई टाळून पिंपं उतरवली असती, तर कदाचित त्याचं बोलणं जास्त ऐकलं गेलं असतं. मात्र रडार असलेल्या अकरा जहाजांसमोर ते शक्य होतं का, यावर दोन मतं होऊ शकतात.

तारखा तेवढ्या पाहा. ३१ डिसेंबर १९४२ ला सम्राटासमोरच्या बैठकीत ग्वादलकनाल सोडायचा निर्णय झाला. फेब्रुवारी १९४३ च्या पहिल्या आठवड्यात विनाशिकांच्या तीन फेऱ्यांत सुमारे १०,६०० माणसं काढली गेली. काम हाशिमोतो आणि कोयानागीच्या हाताखालचं, पद्धत तानाकाचीच : रात्र, वेग, आणि किनाऱ्यावर कमीत कमी वेळ. माणसं पिंपांपेक्षा सोपी, ती स्वतः होडीत चढतात.

तानाका पुढे रंगूनच्या १३ व्या तळपथकाचा प्रमुख झाला. जानेवारी १९४४ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सरकारचं मुख्यालय ज्या रंगूनला हलवलं, तेच रंगून. तळपथक म्हणजे बंदर, गस्ती होड्या, सुरुंग आणि किनाऱ्याची राखण. टॉर्पेडोच्या माणसाला तिथे करण्यासारखं फारसं नव्हतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरलची बढती मिळाली, म्हणजे नौदलाने त्याला गुन्हेगार ठरवलं नव्हतं, फक्त बाजूला ठेवलं होतं. १९५६ साली अमेरिकेच्या एका नौदल नियतकालिकात त्याने ग्वादलकनालविषयी सविस्तर लिहिलं. त्यात वरिष्ठांच्या नियोजनावर कडक टीका आहे. म्हणून ते वाचताना एवढं भान ठेवा की लिहिणारा स्वतःच वादातला पक्षकार आहे. तो १९६९ मध्ये वारला.

ही बदली त्याच्या जिवावर उपकार ठरली, असं म्हणायला वाव आहे. त्याची जुनी ‘जिंत्सू’ जुलै १९४३ मध्ये कोलोम्बांगाराच्या लढाईत बुडाली, पथकाचा तेव्हाचा प्रमुख इसाकी तिच्यावरच मेला. ‘ओयाशिओ’, ‘कुरोशिओ’ आणि ‘कागेरो’ ८ मे १९४३ या एकाच दिवशी कोलोम्बांगाराच्या आसपास सुरुंग आणि विमानांना बळी पडल्या, तेही माल-माणसं पोहोचवण्याच्या फेरीतच. तासाफारोंगाच्या आठपैकी एकही विनाशिका युद्धाच्या शेवटापर्यंत टिकली नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : जपानी नौदलाला माणूस ओळखता आला नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना तो चांगला माहीत होता. त्यांनी टॉर्पेडोचं सर्वोत्तम पथक हमालीला लावलं, हमाली जमली नाही म्हणून पथकप्रमुख बदलला, आणि हमाली तशीच चालू ठेवली. आणखी खोलात जायचं असेल तर ऑगस्ट ते डिसेंबरमधली प्रत्येक फेरी एका ओळीत लिहा : किती निघालं, किती उतरलं, कोणतं जहाज गेलं. तानाकाच्या आणि हाशिमोतोच्या फेऱ्या शेजारी-शेजारी ठेवा. माणूस बदलल्याने काय फरक पडला आणि चंद्रप्रकाश, विमानं, अंतर यांनी किती पडला, हे तिथेच वेगळं करता येतं.